देव पाण्यात, दव मैदानावर

भारत रायपुरात हरत नाही, असा आमचा समज होता. समज कसला, पुरावाच होता. नव्या रायपुरातल्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर २१ जानेवारी २०२३ ला पहिला एकदिवसीय सामना झाला, तेव्हा न्यूझीलंडचे पाच गडी पंधरा धावांत गेले आणि सगळा संघ १०८ वर आटोपला. डे-नाइट म्हणून तिकिटं काढलेल्यांना नाइट जेमतेम बघायला मिळाली. त्या दिवशी रोहित शर्मा टॉस जिंकला आणि आपण काय घ्यायचं ठरवलं होतं हेच विसरला. डोक्याला हात लावून काही क्षण उभा राहिला, मग बॉलिंग म्हणाला. आम्हाला तो तिथल्या तिथे घरचा वाटला. गोलबाजारात हातात पिशवी धरून, बायकोने काय आणायला सांगितलंय ते आठवत असा उभा राहणारा एक माणूस आमच्याकडे घरटी असतोच.

पुढे माजी खेळाडूंच्या स्पर्धा आल्या आणि गेल्या. २०२१, २०२२, २०२५, तिन्ही अंतिम सामने इथेच झाले आणि तिन्ही आपल्या जुन्या मंडळींनी जिंकले. म्हणजे पोट सुटलेले, गुडघे गेलेले भारतीयसुद्धा रायपुरात येऊन जिंकत होते. मग ऐन भरातल्यांची काय काळजी करायची?

३ डिसेंबर २०२५, बुधवार. रायपूरच्या निम्म्या दफ्तरांत त्या दिवशी पोटदुखीची साथ होती. स्टेडियम शहरापासून वीसेक किलोमीटर लांब, आणि गाडी लावायला जिथे जागा मिळते तिथून आत पोचेपर्यंत आणखी एक छोटी पदयात्रा. समोर दक्षिण आफ्रिका. के. एल. राहुल टॉस हरला; पण त्या काळात तो हरणारच असं सगळे धरून चालले होते, त्यामुळे स्टँडमधल्या कुणी डोकं वर करूनही पाहिलं नाही.

मग ऋतुराज गायकवाड आला. ८३ चेंडूंत १०५. वनडेतलं त्याचं पहिलं शतक, आणि तेही आमच्या रायपुरात! पुण्याचा मुलगा. आता रायपूरच्या मराठी माणसाचा पुण्याशी संबंध म्हणजे लग्नाच्या पत्रिका आणि टोमणे, एवढाच. आमच्या मराठीत 'करून राहिलो' आलं की तिकडच्या भुवया वर जातात, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलोय. पण त्या दुपारी आमच्या रांगेतली मराठी मंडळी उभी राहून अशी टाळ्या वाजवत होती, की जणू ऋतुराजच्या मुंजीत पंगतीला आम्हीच वाढलं होतं. मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे भैया, बैठो! कोहली दिख नहीं रहा." आजूबाजूला अठरा नंबरच्या निळ्या जर्सींचा समुद्र होता, आम्ही बसलो. कोहलीनेही १०२ केल्या, दोघांची भागी १९५ ची. शेवटी राहुलने ४३ चेंडूंत नाबाद ६६ झोडल्या. एकूण ३५८. मागचा अठरा नंबर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "भइगे, जीत गेन समझ." आणि बरेच सुज्ञ लोक मध्यंतरातच घरी निघाले. उशिरा निघालं तर जिंकल्यावर गर्दी फार होते म्हणून.

सूर्य कलला आणि दव पडायला लागलं. स्टेडियमच्या चहूबाजूंना मोकळं रान, डिसेंबरची रात्र. आमच्यासमोरचा लोखंडी कठडा आधी गार झाला, मग ओलसर, मग चक्क ओला. शेजारच्या कॉलेजच्या पोराने कठड्यावरच्या दवात बोटाने मोठ्या दिमाखात '३५८' असा आकडा काढला. एडन मार्करम पन्नाशीच्या पुढे गेला. त्याचा एक झेल सीमारेषेपाशी यशस्वी जैस्वालच्या हातून सुटला. गोलंदाज प्रत्येक चेंडूआधी टॉवेल मागू लागले. मार्करम ११० करून गेला, तर ब्रीट्झके ६८, ब्रेव्हिस ३४ चेंडूंत ५४. टोनी डी झोर्झीचा पाय आखडला आणि तो लंगडत परत गेला, तेव्हा आमच्या स्टँडमध्ये टाळ्या पडल्या. त्या सहानुभूतीच्या होत्या, असं सगळ्यांनी एकमेकांना लगेच सांगितलं. कठड्यावरच्या आठाचं पोट ओघळून त्याचा शून्य झाला, पाचाची शेपटी गळाली. ४९.२ षटकांत आफ्रिका चार गडी राखून जिंकली. भारताविरुद्ध एवढा मोठा पाठलाग त्याआधी एकदाच झाला होता, २०१९ मध्ये मोहालीत, ऑस्ट्रेलियाकडून. त्या विक्रमाची बरोबरी करायला आफ्रिकेला मुहूर्त सापडला तो आमच्या गावचा.

खरी मॅच यानंतर सुरू होते. पार्किंगपर्यंतच्या त्या अंधाऱ्या पायपिटीत मी कान देऊन ऐकत होतो. आफ्रिका चांगली खेळली, असं म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. जो तो आपापला कबुलीजबाब देत होता. एकजण म्हणत होता, मी नेहमीची टोपी घातली नाही. दुसरा, मी समोसे आणायला उठलो आणि तेवढ्यात कॅच सुटला. एका बाईंनी नवऱ्याला सुनावलं, "तुम्ही मध्यंतरात स्टेटस टाकलं ना जिंकलो म्हणून? मग!" नवरा मान खाली घालून चालत होता. अकराजणांनी मिळून धाव न धाव अडवायचा प्रयत्न केला, अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास षटकं घाम आणि दव एकत्र पुसलं, आणि हरण्याचं श्रेय मात्र एका स्टेटसला!

मला यात वेडेपणा दिसत नाही, हिशेब दिसतो. भारत हरला आणि आपण उठलो असतो किंवा बसलो असतो तरी काही फरक पडला नसता, हे मान्य करणं फार जड जातं. त्याचा अर्थ, आपण तिकीट काढून गेलेला एक फुकट माणूस. त्यापेक्षा 'माझ्यामुळे हरलो' हे बरं. त्यात निदान मॅचमध्ये आपलं नाव तरी लागतं.

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटायला आली होती. आत्या जागी होती. तिचं वय चौऱ्याऐंशी, सगळा जन्म तात्यापाऱ्यात गेला, आणि क्रिकेटमधले तिचे अधिकार आमच्या घरात निवड समितीपेक्षा वरचे आहेत. सगळं घर तिच्याकडे बघत होतं, कारण त्या दिवशी तिने देव पाण्यात घातले नव्हते.

"हे काय फायनल होतं का?" ती फणकारली. "एवढ्यातेवढ्यासाठी देवाला भिजवत नाहीत. आधीच एकदा भिजून बसलाय तो."

तो प्रसंग अहमदाबादचा. १९ नोव्हेंबर २०२३. त्या विश्वचषकात आपण सलग दहा सामने जिंकून अंतिम सामन्यात उतरलो होतो, आणि अकरावा केवळ उपचार आहे असं देशाने ठरवलं होतं. आमच्या जुन्या घराच्या ओसरीत टीव्ही लावला, आत्याकडचे, बायकोकडचे, शेजारचे सगळे जमले. ट्रॅव्हिस हेडने मागे धावत जाऊन रोहितचा झेल घेतला आणि ओसरीवरचा आवाज बंद पडला. त्यानंतर ९७ चेंडू चौकार नाही. चौकार नसलेले ९७ चेंडू म्हणजे किती वेळ, ते घरातल्या गृहिणींना विचारा. तेवढ्यात पुरणाचा एक घाणा झाला. राहुलने १०७ चेंडूंत ६६ केल्या. (हाच आकडा बघा. अहमदाबादला ६६, रायपूरला नाबाद ६६. एक रडतखडत, एक दणादण, निकाल तोच. ही नोंद आमच्या घरात राहुलच्या खात्यावर कायमची पडलेली आहे.) आपले झाले २४०.

मग ऑस्ट्रेलियाची अवस्था ३ बाद ४७. तिसरा गडी पडला त्या क्षणी माझा मेव्हणा चहाचा ट्रे घेऊन उंबरठा ओलांडत होता. एक पाय आत, एक बाहेर. "हलायचं नाही!" आत्याने फर्मान सोडलं. ट्रे कुणीतरी काढून घेतला, पण मेव्हणा तिथेच. ना घरात ना बाहेर, वेळ ऐन तिन्हीसांजेची. हिरण्यकशिपूचा निकाल लागला ती नेमकी जागा आणि तो नेमका मुहूर्त. हेडचा मात्र लागेना. हेड आणि लाबुशेनने १९२ धावा जोडल्या, आणि मेव्हणा एका पायावरचं वजन दुसऱ्यावर नेत हे सगळं उभ्याने बघत होता. हेडचे पन्नास झाले तशी आत्या उठली, देवघरातून बोटभर उंचीचा पितळी गणपती आणला, पाण्याने भरलेल्या पातेल्यात ठेवला आणि त्याला स्पष्ट सांगितलं, "हा गेला की तुला काढते."

हेड गेला खरा. १३७ करून. जिंकायला दोन धावा राहिल्या होत्या.

आता पेच बघा. देव पाण्यात घालायची पद्धत आपल्याला ठाऊक आहे. संकट टळेपर्यंत बाहेर काढायचा नाही. पण इथे संकट टळलंही नव्हतं आणि उरलंही नव्हतं, ते सगळं होऊन गेलं होतं. शब्द हेडच्या विकेटचा होता म्हणून काढावा, असं माझं म्हणणं. "मनात कप होता," आत्या म्हणाली. पुढचा विश्वचषक २०२७ चा. तोवर गणपती पातेल्यात ठेवायचा का? बायकोला पातेलं हवं होतं. चारच दिवसांनी विशाखापट्टणमला आपण ऑस्ट्रेलियाला टी-ट्वेंटीत हरवलं, ते आत्याने धरलं नाही; त्रिवेंद्रमलाही हरवलं, तेही नाही. गुवाहाटीला मॅक्सवेलने धुतलं तेव्हा मात्र म्हणाली, "बघ. काढला असता तर?" गणपतीचं पाणी रोज बदललं जात होतं, दूर्वा पाण्यावर तरंगत होत्या.

सुटका झाली ती १ डिसेंबरला, रायपुरात. चौथा सामना. त्यातही एक नाट्य होतं. स्टेडियमचं तीन कोटींच्या वरचं वीजबिल थकलेलं, जोडणी कधीची कापलेली, त्यामुळे मैदानावरचे मोठे दिवे जनरेटरवर. वर्तमानपत्रात ते वाचून आत्याने कपाळाला हात लावला, "देव पाण्यात नि दिवे जनरेटरवर. कसं व्हायचं?" पण झालं. रिंकू सिंगने ४६ केल्या, आमच्या विदर्भाच्या जितेश शर्माने १९ चेंडूंत ३५. हेड या सामन्यातही होता. ३१ वर गेला. वीस धावांनी जिंकलो, मालिकाही खिशात. तुमच्या त्या लाख माणसांच्या अहमदाबादला जे जमलं नाही ते आमच्या उसन्या उजेडात झालं. दुसऱ्या दिवशी गणपती बाहेर आला तेव्हा हिरवट पडला होता. चिंच लावून घासला, उकडीचे मोदक झाले, आणि पातेलं स्वयंपाकघरात परत गेलं.

आता टोरांटोचं सांगायला हवं. तिथे माझा भाचा असतो आणि तो बेसबॉलच्या नादी लागला आहे. त्याच्या ब्लू जेज संघाने १९९३ नंतर पहिल्यांदाच २०२५ मध्ये वर्ल्ड सिरीज गाठली. सातवा, शेवटचा सामना तिथल्या १ नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे आमच्याकडे रविवारी सकाळी. आम्ही पोह्यांवर लिंबू पिळत असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. मोठा, दाढीवाला, कमावता माणूस हमसून रडत होता. आत्याला वाटलं नोकरी गेली.

झालं होतं ते असं. चार-तीन अशी आघाडी, नववा डाव, आणखी फक्त दोघे बाद केले की कप आपला. तेवढ्यात मिगेल रोहास नावाच्या, षटकारांसाठी अजिबात प्रसिद्ध नसलेल्या माणसाने चेंडू मैदानाबाहेर धाडला. बरोबरी. मग यांचा माणूस जिंकून देणाऱ्या धावेसाठी घराकडे पळाला आणि वितीच्या फरकाने बाद झाला. अकराव्या डावात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी आणखी एक चेंडू बाहेर मारला आणि पाच-चारने नेलं. भाचा हे हुंदके देत सांगत होता. आत्याला त्यातला खेळ कळला नाही, पण दुःख बरोबर कळलं. तिने एकच शंका विचारली, "पण तो मारला की बॅट टाकून का पळतो? काही वळण नाही का त्यांना?"

बेसबॉलची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. त्यांच्या धावफलकावर धावा आणि फटके यांच्या शेजारी चुकांचा वेगळा रकाना असतो. कुणाच्या हातून किती सुटलं, ते जगजाहीर. आपल्या क्रिकेटच्या स्कोअरकार्डात सुटलेल्या झेलाला जागाच नाही, म्हणून तो हिशेब घरोघरी ठेवावा लागतो. १९८६ मध्ये बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून एक सरपटी चेंडू निघून गेला आणि पुढची कित्येक वर्षं तिथल्या लोकांनी त्याला तो चेंडू रोज परत दिला. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर जावेद मियाँदादने षटकार मारला होता. एकाच वर्षात दोन खंडांत दोन माणसं आयुष्यभरासाठी कामाला लागली.

भाच्याच्या दुःखाला मात्र त्याच रात्री उतारा मिळाला. नवी मुंबईत आपल्या मुलींनी आफ्रिकेच्या मुलींना ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, दीप्ती शर्माचे पाच बळी. तो पुन्हा फोनवर रडत होता, या वेळी आनंदाने. एका दिवसात दोन्ही सोसायला माणसाचं काळीज मजबूत लागतं. रायपूरच्या पराभवानंतर आत्याने जी पहिली उपपत्ती मांडली तीही यातलीच होती: आपल्या पोरींनी त्यांच्या पोरींना हरवलं, त्याचा वचपा त्यांच्या पोरांनी महिन्याभरात इथे येऊन काढला.

दुसरी उपपत्ती नागपुराहून आली. आमचे साडू तिथले. कुठलीही गोष्ट जामठ्याच्या स्टेडियमवर झाली असती तर बरी झाली असती, यावर त्यांची श्रद्धा आहे. सकाळी सातलाच फोन. "काय साडूभाऊ, एवढ्या रना करून हरले? जामठ्याला असं होत नसते." मीही तयारीत होतो. १२ मार्च २०११, विश्वचषक, जामठा, समोर हीच आफ्रिका: १ बाद २६७ वरून २९ धावांत नऊ गडी, आणि शेवटच्या षटकात पराभव. शिवाय १५ मार्च २०१६, न्यूझीलंडपुढे सर्वबाद ७९. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "ते पिच खराब होतं."

पराभव मांडण्यात आपला मराठी माणूस कुणाला ऐकत नाही. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्याची मीमांसा आपण अजून पुरी केलेली नाही. बुणगे एवढे कशाला नेले, नदी आधी का नाही ओलांडली, भाऊंनी हत्तीवरून उतरायला नको होतं. वऱ्हाडात, पुण्यात, इंदुरात, कुठेही दोन मराठी माणसं तासभर निवांत बसली की पानिपत पुन्हा लढलं जातं आणि बहुतेक वेळा आपण जिंकता जिंकता हरतो. रायपूरकरांना या वादात एक सोय आहे. छत्तीसगडावर राज्य होतं नागपूरकर भोसल्यांचं, आणि ते काही पानिपतावर नव्हते. तेव्हा तो पराभव आमच्या खात्यावर नाही. ३ डिसेंबरचा आहे.

साडूंनी हार मानली नव्हती. संध्याकाळी दुसरा फोन, आणि या वेळी त्यांच्या हाती पुरावा होता. भारत वनडेत सलग वीस टॉस हरला आहे. दहा लाखांत एकदा घडेल अशी गोष्ट. आणि ही मालिका सुरू कधी झाली? १९ नोव्हेंबर २०२३ ला, अहमदाबादला. "म्हणजे कोणत्या दिवशी, आठवा साडूभाऊ. आत्याबाईंनी देव पाण्यात घातले त्या दिवशी!"

फोन स्पीकरवर होता. घर एकदम गप्प झालं. बायकोने आत्याकडे बघितलं, मेव्हण्याने आत्याकडे बघितलं. उंबरठ्यावर काढलेली ती संध्याकाळ त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. आत्याने शांतपणे सुपारी कातरली.

"टॉस दुपारी झाला," ती म्हणाली. "देव मी दिवेलागणीनंतर घातले. आधीच्या पापाला नंतरचा देव कसा जबाबदार? विचार त्यांना."

साडूंकडे उत्तर नव्हतं. इतका बिनतोड मुद्दा मी कोर्टातसुद्धा ऐकलेला नाही.

६ डिसेंबरला विशाखापट्टणमला राहुलने नाणं डाव्या हाताने उडवलं आणि टॉस जिंकला. आपण नऊ गडी राखून जिंकलो; ज्याच्या हातून झेल सुटला होता त्याच जैस्वालने नाबाद ११६ केल्या. डाव्या हाताने शुभकार्य झालेलं बघून आत्या अस्वस्थ होती, पण निकालापुढे तिचा इलाज नव्हता. त्या रात्री टोरांटोचा फोन आला तेव्हा तिने तो माझ्या हातातून घेतलाच.

"अरे, तुमच्या लोकांना म्हणावं, पुढच्या खेपेला नाणं डाव्या हाताने उडवा."

"आजी, बेसबॉलमध्ये टॉस नसतो. ज्याचं मैदान तो नंतर खेळतो, ठरलेलंच असतं."

"आणि दव?"

"छप्पर असतं गं, मिटतं ते. दव कसलं!"

आत्या फोन तसाच धरून आमच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर त्या पोराबद्दल खरीखुरी दया होती.

"टॉस नाही, दव नाही. मग हरल्यावर हे लोक बोलतात तरी कशाबद्दल?"